भाकरीपर्यंत ऐकणारी माणसं

बायकोच्या गंधमुक्तीला माझ्या दारात पुष्कळ माणसं जमली होती. सुतकाचे दिवस संपले, आता या घरात पुन्हा गोडधोड शिजायला हरकत नाही, असं सांगण्यासाठी भाऊबंद जमतात तो हा दिवस. त्या गर्दीतल्या एकाशीही मी एक वाक्य पुरतं बोललो असेन असं मला आठवत नाही. मी तोंड उघडलं की समोरचा माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात पडला की बोलणं थांबवायचं असतं, एवढी रीत मला माहीत होती.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी जळगावला शाळेत मास्तर होतो, दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचं गाव एरंडोल आणि पारोळ्याच्या मधलं, रस्त्यापासून आत. शेती थोरल्या भावाकडे होती. त्याला सगळे नाना म्हणत, मीही म्हणे.

त्या दिवसांत मला लोकांचा जो कंटाळा आला, तो का आला हे कळायचं तर तिची शेवटची संध्याकाळ आधी सांगितली पाहिजे. तिला विषमज्वर झाला होता. बरेच दिवस ताप चढउतार करून तो एके दिवशी निवला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण आणखी काही दिवस पेजेशिवाय पोटात काही जाता कामा नये. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "कळण्याची भाकरी करा ना." मी डॉक्टरांचं सांगणं तिला ऐकवलं. ती म्हणाली, "खाणार नाही हो. नुसता वास घेते. पेज पिऊन पिऊन नाक मेलंय माझं."

मी जन्मात कधी भाकरी केली नव्हती. तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, मी ज्वारी-उडदाचं ते कळण्याचं पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. भाकरीचे तिथंच तीन तुकडे झाले. त्यांतला एक उचलताना चुलीत पडला. ती हसायला लागली. अंगात ताकद नव्हती, म्हणून आवाज निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. म्हणाली, "वर्गात नकाशा टांगता ना, तसा दिसतोय." मग मी पण हसलो. दुसरी भाकरी मी मुद्दामच वाईट केली. ती पोट धरून म्हणाली, "पुरे हो, दुखतंय." भाकरीचा वास घरभर भरला होता. तिनं एक घासही खाल्ला नाही. पेज घेतली आणि झोपली. पहाटे पोटात कळ उठली आणि डॉक्टर यायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, आतड्याला भोक पडलं असणार, या तापात कधी कधी असं होतं.

मला कोणाला तरी सांगायचं होतं ते एवढंच. आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत आम्ही इतके हसलो नव्हतो, आणि हसलो तेव्हा ती मरायला निघाली होती. हे डोक्यात कुठं ठेवायचं ते मला कळत नव्हतं. झोप लागत नव्हती. वर्गात शिकवताना मधेच शब्द संपायचे आणि मुलं पुस्तकातून मान वर करून बघत राहायची. मला वाटायचं, एकदा एका माणसाला हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं की काहीतरी सुटेल. का वाटायचं, ते सांगता येणार नाही.

पण दारावर येणारा प्रत्येक माणूस भाकरीपर्यंतच ऐकायचा. भाकरी हा शब्द आला की त्याचे डोळे चमकायचे. आमच्या शाळेतले एक शिक्षक तर मांडी सावरून पुढं सरकले. "दिलीत का खायला?" मी नाही म्हणालो. ते दिलाशानं म्हणाले, "दिली असली तरी आता मनाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून होतं." शेजारचा कापसाचा दलाल म्हणाला, "वास घ्यायला म्हणून केली, आणि खाल्ली नाही? बरं. तुम्ही म्हणता तसं." आणि एरंडोलला दिलेल्या चुलत आत्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "जाऊ दे भाऊ, तुना काय दोस?"

माझा दोष नव्हताच. पण मी निर्दोष आहे हे कोणालाच नको होतं. मरणाला कारण लागतं, आणि विषमज्वरापेक्षा भाकरी सोपी. त्यातून मला माफ करण्याचं पुण्य प्रत्येकाला फुकट मिळत होतं. रोज चार-पाच माणसं मला न केलेल्या गोष्टीबद्दल माफ करून, चहा पिऊन जात होती. मग ती आपापली गेलेली माणसं सांगायची: कोणाची मावशी, कोणाचा मेहुणा, कोणाचा बैल. बैलाचं मरण मात्र मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आहे.

नानाकडे वेगळा इलाज होता. शनिवारी तो बाजाराला जळगावला यायचा आणि माझ्याकडे जेवायचा. एका शनिवारी जेवता जेवता म्हणाला, "लगीन करी टाक. बठ्ठं ठीक व्हई जाई." बठ्ठं म्हणजे सगळं.

"नाना, इतक्यात नको."

"इतलामा नई त कव्हय? अमळनेरकडलं स्थळ शे. आखाजीले त्या लोके घर पाहाले येतीन."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे तो माहेरवाशिणींचा, झोक्यांचा सण, आणि त्याच दिवशी लग्नाची बोलणी पक्की करायलाही मुहूर्त पाहावा लागत नाही. तो यायला फार अवकाश नव्हता. एक बाई मेली, तिच्या जागी दुसरी आणली की घर चालू: नानाचा हिशेब बैलजोडीचा होता आणि त्यात त्याला काही वाईट दिसत नव्हतं. मला मात्र स्पष्ट दिसत होतं की ही गोष्ट पोटात घेऊन मी मांडवात बसलो, तर पुढं जन्मभर ती सांगता येणार नाही. नव्या बायकोला कोण सांगणार, की मेलेली बायको कशी हसली?

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कडू मिक्स्चर दिलं आणि संध्याकाळी मेहरूणच्या तळ्यावर फिरायला जा म्हणाले. मिक्स्चरनं तोंड कडू झालं. तळ्यावर आमच्या शाळेतले ते शिक्षक रोज भेटत. मला लांबून बघून ते मान खाली घालायचे, जशी खुन्याला बघून घालतात.

मग कोणीतरी सांगितलं, धुळ्याला एक प्राध्यापक आहेत. मुंबईकडे मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. मनाचा आजार फार वाढलेला नसेल, माणूस कामावर जात असेल, पण आतून पोखरला असेल, तर ते नुसतं बोलून बरं करतात. औषध नाही, फी नाही. रविवारी दुपारी कोणीही जावं. मला हे पुस्तकातल्यासारखं वाटलं. मी पुस्तकं वाचणारा माणूस, म्हणून विश्वास बसला.

नानाला सांगितलं, उद्या मी घरी नाही, धुळ्याला जातोय. त्यानं विचारलं, कशाला. मी म्हणालो, एका माणसाकडे, तिच्याबद्दल बोलायला. याहून सोपं कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. नानानं हात धुतले आणि तो गेला.

रविवारी सकाळी मी धुळ्याच्या सर्व्हिस मोटारीत बसलो. एरंडोलला काका चढले, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर उपरणं. त्यांच्यामागं काकी, नाकापर्यंत पदर. मला वाटलं कुठं निघाले असतील. पारोळ्याला नाना चढला आणि त्याच्याबरोबर भाऊबंदांतले आणखी दोघं.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"तुनासंगे," नाना म्हणाला. "दुखवालं माणूस एकलं धाडतस का कोठे?"

पुढचा सगळा रस्ता मी त्यांना समजावत होतो आणि मोटारीच्या खडखडाटात ते मान डोलावत होते. त्यांची समजूत अशी झाली होती की धुळ्याला तिच्या माहेरचं कोणी मोठं माणूस आहे, त्याच्या कानावर मरण गेलेलं नाही, आणि मी एकटाच ते सांगायला निघालोय. असं एकट्यानं जाणं आमच्यात नीट दिसत नाही. मरणाची गोष्ट घेऊन जाणाऱ्याबरोबर चार माणसं आणि निदान एक बाई लागते. "तो नातेवाईक नाही, प्राध्यापक आहे," मी म्हणालो. आबा म्हणाले, "आसू दे. शिकेल माणूस शे, चांगलं शे."

धुळ्यात आग्रा रोडच्या मागं नंबराच्या गल्ल्या आहेत. त्यांतल्या एका गल्लीत प्राध्यापकांचं घर होतं. दार उघडंच होतं. मी कडी वाजवायला हात वर केला, तोच काकीनं उंबऱ्यावर पाय ठेवला, पदर तोंडावर घेतला आणि हेल काढला: "मनी सोनानी लेक व माय!"

काकीचा गळा आमच्या पंचक्रोशीत नावाजलेला आहे. स्वयंपाकघरातून प्राध्यापकांच्या पत्नी पिठाच्या हातांनी धावत आल्या. "कोण गेलं? अहो, कोण गेलं?" आलेल्यांत त्यांना ओळखीचा एकही चेहरा दिसेना, म्हणून त्या आणखी घाबरल्या आणि काकीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. शेजारणी आल्या. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी म्हणालं, "प्राध्यापक गेले वाटतं." समोरच्या गिरणीवाल्यानं पट्टा उतरवून गिरणी बंद केली. तेवढ्यात आतल्या खोलीतून प्राध्यापक स्वतः बाहेर आले, बंडी घातलेली, बोट पुस्तकात घालून पान धरलेलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना पाहून हात जोडले.

हे निस्तरायला बराच वेळ गेला. आपण गेलो तर गल्लीतली गिरणी बंद राहते हे डोळ्यांनी पाहिल्यामुळं असेल, प्राध्यापक पुढं फार खुशीत होते. सगळ्यांना ओसरीवर सतरंजीवर बसवलं. मी म्हणालो, मला आपल्याशी एकट्याशी बोलायचं आहे. नाना म्हणाला, आम्ही घरचीच माणसं आहोत. प्राध्यापक म्हणाले, "उत्तम. कुटुंबीय असले की चित्र पूर्ण होतं."

मग त्यांनी मला विचारलं, झोप कशी लागते. आबांनी उत्तर दिलं, "लागस नई." जेवण? "जेवस नई," नाना म्हणाला. मनात काय विचार येतात, याचं उत्तर त्या दोघा भाऊबंदांपैकी एकानं दिलं. तो माणूस मला वर्षातून एकदा भेटायचा.

शेवटी मी जरा मोठ्यानं म्हणालो, मला तिची शेवटची संध्याकाळ सांगायची आहे. आणि सुरू केलं. ताप निवला इथपर्यंत सगळे ऐकत होते. कळण्याच्या भाकरीवर आलो आणि प्राध्यापकांनी हात वर केला.

"थांबा. इथंच थांबा. सापडलं."

"काय सापडलं?"

"अपराधाची भावना! तुम्ही ती भाकरी विसरू शकत नाही, होय ना?"

"पण तिनं खाल्ली नाही."

"तुमचं मन ते मानत नाही. म्हणून तर तुम्ही इथं आलात."

नाना माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिनी खादी व्हती का नई, आमले काय माहित. पन आमी कव्हयच काई बोलनूत नई."

तेव्हा मला कळलं की माझ्या स्वतःच्या भावालाही संशय होता आणि तो मनाचा मोठेपणा म्हणून गप्प होता. प्राध्यापकांना यात फार रस वाटला. त्यांनी पुढं तासभर व्याख्यान दिलं. दुःखाचे प्रकार, त्यांच्या पायऱ्या, सगळं मुद्देसूद. माझं दुःख सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवर आहे असं ते म्हणाले. आबांना वाईट वाटलं. त्यांना ते भारी वाटत होतं. निदान इतक्या लांब यायच्या योग्यतेचं. "मधलंच शे का?" त्यांनी दोनदा विचारलं.

"मंग औसद काय शे, साहेब?" नाना म्हणाला.

"औषध नाही. रिकाम्या झालेल्या मनाला नवा जिव्हाळा मिळाला पाहिजे. नवं नातं."

"म्हंजे लगीन."

प्राध्यापकांनी छताकडे पाहिलं. "एका अर्थानं, हो."

एका अर्थानं! नानाला एकच अर्थ पुरेसा होता. परतीच्या मोटारीत तो पहिल्यांदाच मोकळा हसला. पारोळ्याला उतरताना म्हणाला, मोठ्या माणसानं सांगितलंय, आता तुझं काही चालायचं नाही. काकी म्हणाली, बाई फार चांगली होती हो ती, माझ्याबरोबर किती रडली. एवढ्या सगळ्या प्रवासात मला आपलं दुःख सांगायचं राहून गेलं आणि प्राध्यापकांच्या बायकोचं मात्र हलकं झालं.

आखाजी तोंडावर आली तेव्हा मी पुन्हा धुळ्याला गेलो. या वेळी कोणाला सांगितलं नाही. बोलायला जायचं मनात नव्हतंच. प्राध्यापकांना एवढंच म्हणायचं होतं की तुमचं ते 'एका अर्थानं' परत घ्या आणि माझ्या भावाला तसं कळवा. वाटेत मी भांडणाची वाक्यं जुळवत होतो. भांडण मला येत नाही, म्हणून ती लांबलचक होत होती.

प्राध्यापक ओसरीवर बसले होते, गळ्याला मफलर, ऐन उन्हाळ्यात. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आठवडाभर रोज कुठं ना कुठं व्याख्यान. घसा पार बसला. वैद्यांनी महिनाभर शब्दही काढायचा नाही म्हणून बजावलंय." प्राध्यापकांनी गालात ज्येष्ठमधाची काडी धरून दुःखानं मान हलवली. मांडीवर मुलांची पाटी होती, हातात पेन्सिल.

मी माझी वाक्यं म्हणायला लागलो. तुम्ही भाकरी म्हटल्याबरोबर मला थांबवलंत, म्हणालो. पुढं काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनी घाईघाईनं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं: अपराधभाव. मी म्हणालो, ते पुसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अशा आवाजात कोणाशी बोललो नव्हतो. त्यांनी बाहीनं पुसलं.

मग मी सांगितलं. भिंतीला टेकून ती कशी बसली होती, पीठ किती सैल झालं, तुकडे कसे पडले. त्यांचा हात पाटीकडे जायचा, पण लिहून होईपर्यंत मी पुढं गेलेला असायचो, आणि मग त्यांना पुसावं लागायचं. खांदे हलवत हसली ते सांगितलं. नकाशाचं सांगितलं. दुसरी भाकरी मुद्दाम वाईट केली, हे तोपर्यंत मी कोणालाच सांगितलं नव्हतं; तिथपर्यंत कोणी येऊच दिलं नव्हतं. तिथं येऊन मी थांबलो. इतर कोणी असता तर लगेच खांद्यावर हात आला असता. प्राध्यापकांचे दोन्ही हात पाटीत अडकले होते. त्यांनी दोनच अक्षरं लिहिली आणि पाटी वळवली.

मग?

मी त्यांना याचं फारसं श्रेय देत नाही. घसा शाबूत असता तर त्यांनी त्या जागी हसण्याचे प्रकार सांगितले असते. पण घसा शाबूत नव्हता, आणि मी पुढं सांगितलं, पहाटेपर्यंत. सांगून झालं. ते ज्येष्ठमध चघळत होते. आतून त्यांच्या पत्नींनी ताक आणून दिलं. भावाला काही कळवा, असं म्हणायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. परतीच्या मोटारीत मला झोप लागली, आणि जळगाव आलं तेव्हा कंडक्टरनं हलवून उठवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना आला. उद्या अमळनेरची माणसं येणार, घर झाडून घे म्हणाला.

"नाना, येऊ नका म्हणून सांग त्यांना. मी लग्न करणार नाही."

"तुले याड लागनं का? त्या धुळाना मास्तरनी सांगं ना!"

"मी परत गेलो होतो त्यांच्याकडे."

"मंग? आते काय बोलनात त्या?"

"काहीच बोलले नाहीत."

न बोलणाऱ्या माणसाकडे कोणी जळगावहून धुळ्याला जातं हे नानाच्या डोक्यात मावेना. मग तो चिडला. त्या लोकांना मी शब्द दिलाय, म्हणाला. माझं तोंड काळं करशील. गावात काय सांगू?

मी म्हणालो, "सांग, मास्तर येडा झाला."

रागाच्या भरात का होईना, त्यानं तेच सांगितलं. येड्या माणसाला कोण मुलगी देणार? अमळनेरची माणसं आली नाहीत आणि पुन्हा कोणी स्थळ आणलं नाही. समाचाराला येणंही बंद झालं, कारण येड्याची समजूत कोणी घालत नाही. नाना पावसाळाभर फिरकला नाही. मी शाळेत जात होतो, वर्गात शब्द संपत नव्हते, घरी आल्यावर भाकऱ्या थापत होतो, आणि त्या मोडतच होत्या. प्राध्यापकांचा घसा पुढं बरा झाला. ते व्याख्यानांत जळगावच्या एका शिक्षकाचं उदाहरण देतात असं ऐकलं: त्याला त्यांनी अपराधाच्या भावनेतून मुक्त केलं म्हणे. मी काही खुलासा करायला गेलो नाही. धुळ्याला पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा ऐकून घ्यावं लागलं असतं.